पिकलबॉल : पहिल्या सर्व्हिसपासून पहिल्या सामन्यापर्यंत

पिकलबॉल हा बॅडमिंटनएवढ्या कोर्टावर, टेबल टेनिसच्या बॅटपेक्षा मोठ्या पॅडलने आणि भोके असलेल्या प्लास्टिकच्या हलक्या चेंडूने खेळायचा खेळ आहे. गेल्या काही वर्षांत इंदूरमध्ये क्लब, टाउनशिप आणि टर्फ मैदानांवर त्याची कोर्टे दिसू लागली, तशी मंडळातल्या घरांतून विचारणाही सुरू झाली. आम्हाला जमेल का? काय काय विकत घ्यावे लागेल? गुडघ्यांना झेपेल का? आमच्यापैकी काही सभासद हा खेळ शिकले, चुकले, एकदोनदा पडलेही. त्या अनुभवातून आणि खेळाच्या नियमांतून ही माहिती एकत्र केली आहे.

लहानपणी वाड्यात खेळताना धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेत असू. ते धावायचे, ओरडायचे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. वय वाढले की मोठ्यांचीही तीच गत होते. नातवंडांच्या खेळात आजी-आजोबा खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतात, खेळात मोजले जात नाहीत. पिकलबॉलमध्ये सत्तरीचे आजोबा आणि बारा वर्षांची नात एका बाजूने खरोखर खेळू शकतात, आणि समोरची जोडी तरुण असली तरी त्यांना गुण मिळतात. हे कशामुळे होते आणि त्यासाठी काय सांभाळावे लागते, हे समजावून देणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

खेळ कुठून आला

१९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर या खेळाचा जन्म झाला. जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोन मित्रांना कंटाळलेल्या घरच्या मंडळींना काहीतरी खेळायला द्यायचे होते. अंगणात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण सामान पुरेसे सापडेना. मग त्यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि जाळी खाली उतरवली. पुढे बार्नी मॅकॅलम हा मित्र त्यांना सामील झाला आणि तिघांनी मिळून नियम ठरवले. मोठ्यांना आणि मुलांना एकत्र खेळता यावे, हा विचार त्या नियमांत पहिल्यापासून आहे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याने पिकलबॉलला आपला अधिकृत राज्य-खेळ म्हणून जाहीर केले.

नावामुळे अनेकांना लोणचे आठवते. प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांच्या सांगण्यानुसार हे नाव 'पिकल बोट'वरून आले. नौकांच्या शर्यतीत इतर नावांतून उरलेल्या वल्हेकऱ्यांची मिळून जी नाव होते, ती पिकल बोट. तीन खेळांतून उरलेसुरले घेऊन बनलेल्या खेळाला हे नाव शोभते. प्रिचर्ड यांच्या 'पिकल्स' नावाच्या कुत्र्यावरून नाव पडले, अशीही एक कथा सांगतात.

भारतात हा खेळ आणण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना दिले जाते. १९९९ मध्ये युवा आदानप्रदान कार्यक्रमानिमित्त कॅनडात गेले असताना त्यांची या खेळाशी ओळख झाली. २००८ मध्ये मुंबईत ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली. २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशन या दुसऱ्या संस्थेला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली.

आणखी एक धागा आपल्या ओळखीचा आहे. ज्या बॅडमिंटनच्या कोर्टावर हा खेळ उभा राहिला, ते बॅडमिंटन एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत खेळले जाई आणि त्या खेळाला 'पूना' असे नावही होते.

कोर्ट आणि जाळी

कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाचे मापही नेमके हेच आहे. एकेरी आणि दुहेरी दोन्ही सामने याच मापावर होतात. जाळी दोन्ही कडांना ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच उंच असते.

जाळीच्या दोन्ही बाजूंना ७ फुटांचा पट्टा आखलेला असतो. नियमांत त्याला नॉन-व्हॉली झोन म्हणतात, खेळाडू त्याला किचन म्हणतात. किचनच्या रेषेपासून मागच्या रेषेपर्यंत १५ फूट उरतात. त्यांचे मधल्या रेषेने दोन भाग होतात, ते सर्व्हिसचे चौकोन.

सोसायटीत किंवा सभागृहात बॅडमिंटनचे कोर्ट असेल तर नव्याने फार काही करावे लागत नाही.

- बाहेरची रेष तशीच वापरावी.
- बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस-रेष जाळीपासून साडेसहा फुटांवर असते. तिच्या मागे ६ इंचांवर खडूने किंवा चिकटपट्टीने किचनची रेष आखावी.
- जाळी खाली घ्यावी. बॅडमिंटनची जाळी अडीच फूट खोल असल्याने ती जवळजवळ जमिनीपर्यंत येते, वेगळी जाळी घेण्याची घाई नको.
- मध्यभागी ३४ इंच आहेत ना, हे टेपने मोजून घ्यावे. जाळी दोन-तीन इंच वर राहिली तरी नवख्यांचे निम्मे चेंडू अडतात.

मागे आणि बाजूला मोकळी जागा हवी. एकूण ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद जागा मिळाली तर बरे. सिमेंट काँक्रीट किंवा डांबरी पृष्ठभाग चालतो. हिरवळीवर चेंडू उसळत नाही. गुळगुळीत फरशीवर, विशेषतः धूळ किंवा ओल असताना, पाय घसरतो, म्हणून लग्नकार्याच्या हॉलमध्ये सुरुवात करू नये. नवे कोर्ट आखायचे असेल तर लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन थेट डोळ्यांत जात नाही.

सामान

*पॅडल.* लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा जास्त नसते. बाजारात लाकडी, फायबरग्लासची आणि कार्बन फायबरची पॅडले मिळतात. लाकडी पॅडल स्वस्त पण जड असते आणि मनगट लवकर दुखते. सुरुवातीला फायबरग्लासचे, साधारण २१० ते २३५ ग्रॅम वजनाचे पॅडल घ्यावे. महाग पॅडलने पहिल्या सहा महिन्यांत खेळ सुधारत नाही. आमचा सल्ला असा की आठ जणांनी मिळून आधी चार पॅडले घ्यावीत आणि महिनाभर खेळून मग स्वतःचे ठरवावे. मूठ हातात सैल फिरत असेल तर त्यावर बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळता येते.

*चेंडू.* मैदानी चेंडूला साधारण ४० लहान भोके असतात, तर सभागृहातल्या चेंडूला २६ मोठी. उघड्यावर खेळताना मैदानी चेंडूच घ्यावा, कारण दुसरा वाऱ्यावर भरकटतो. प्लास्टिक असल्यामुळे कडक थंडीत चेंडू तडकतात आणि मे महिन्याच्या उन्हात मऊ पडतात. खेळताना आवाज बद्द आला की चेंडू फिरवून चीर गेली आहे का ते पाहावे.

*बूट.* खर्च करायचाच तर तो इथे करावा. सकाळी फिरायला जाण्याचे किंवा धावण्याचे बूट सरळ पुढे जाण्यासाठी असतात. या खेळात बाजूला सरकावे लागते आणि अशा बुटांत घोटा मुरगळतो. बॅडमिंटन किंवा टेनिसचे, रुंद तळाचे बूट घ्यावेत. चप्पल किंवा सँडल घालून एक चेंडूही खेळू नये.

नियम, सोप्या भाषेत

*सर्व्हिस.* मागच्या रेषेच्या बाहेर उभे राहून, हात खालून वर नेत, कमरेखाली चेंडू मारायचा. चेंडू तिरप्या समोरच्या चौकोनात, किचनची रेष ओलांडून पडला पाहिजे. किचनच्या रेषेवर पडला तर सर्व्हिस बाद, बाकीच्या रेषांवर पडलेला चेंडू आत धरतात. संधी एकदाच मिळते. दुसरी पद्धतही चालते : चेंडू हातातून नुसता सोडायचा आणि टप्पा पडल्यावर मारायचा. ज्यांना पहिली पद्धत अवघड वाटते, त्यांनी हीच धरावी.

*दोन टप्प्यांचा नियम.* सर्व्हिसचा एक टप्पा पडू द्यायचा आणि मगच परत मारायचे. परत आलेल्या चेंडूचाही एक टप्पा सर्व्हिस करणाऱ्या बाजूने पडू द्यायचा. त्यानंतर चेंडू हवेत मारायला मोकळीक. टेबल टेनिस किंवा बॅडमिंटन खेळलेल्यांची पहिल्या आठवड्यात हमखास चूक होते ती इथे.

*किचनचा नियम.* किचनमध्ये किंवा त्याच्या रेषेवर उभे राहून चेंडू हवेत मारता येत नाही. मारल्यानंतर झोकात पाय आत गेला, तरी गुण जातो. मात्र चेंडूचा टप्पा किचनमध्ये पडला असेल, तर आत जाऊन मारायला हरकत नाही. आमच्यातल्या एका काकूंनी हा नियम सर्वांच्या कायमचा लक्षात राहील असा सांगितला : सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय जायचे नाही. चेंडूचा टप्पा आत पडला, म्हणजे बोलावणे आले.

*गुण.* सामना ११ गुणांचा असतो आणि दोन गुणांनी जिंकावा लागतो. पारंपरिक पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळतो. दुहेरीत एका बाजूचे दोन्ही खेळाडू क्रमाने सर्व्हिस करतात आणि दोघांची गेली की ती समोर जाते. गुण मिळाला की सर्व्हिस करणारी जोडी आपसात डावी-उजवी बाजू बदलते. समोरची जोडी जागा बदलत नाही.

सर्व्हिसआधी तीन आकडे मोठ्याने म्हणायचे : आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि आपण पहिले सर्व्हर की दुसरे. 'पाच-तीन-दोन' म्हणजे आमचे पाच, तुमचे तीन, आणि ही आमची दुसऱ्या खेळाडूची सर्व्हिस. ती गेली की पाळी तुमची. सामन्याच्या आरंभी मात्र पहिल्या बाजूला एकच सर्व्हर मिळतो, म्हणून सुरुवात 'शून्य-शून्य-दोन' अशी होते. पहिल्या दिवशी हे आकडे डोक्यात शिरत नाहीत. चौथ्या दिवशी आपोआप तोंडातून येतात.

हळू फटक्याला किंमत का आहे

हा भाग नीट समजला की खेळ समजला. समजा, समोरची जोडी तरुण आणि ताकदवान आहे. तुम्ही जाळीवरून अलगद असा चेंडू टाकलात की तो त्यांच्या किचनमध्ये पडला. आत उभे राहून हवेत मारता येत नसल्याने त्यांना सहसा टप्प्याची वाट पाहावी लागते. टप्प्यानंतर चेंडू जाळीपेक्षा खाली असतो, म्हणजे तो खालून वर उचलावा लागतो. जोरात उचलला तर कोर्टाबाहेर जातो. त्यामुळे ताकद असूनही त्यांना हळूच मारावे लागते. या अलगद फटक्याला 'डिंक' म्हणतात. दोन्ही बाजू डिंक खेळू लागल्या की कोणाचा तोल आधी सुटतो एवढाच प्रश्न उरतो. तिथे दंडापेक्षा धीर उपयोगी पडतो, आणि तो आपल्या ज्येष्ठांकडे भरपूर असतो.

याच कारणाने सर्व्हिस करणाऱ्या बाजूचा तिसरा फटका महत्त्वाचा. समोरची जोडी किचनच्या रेषेपाशी येऊन उभी असते आणि तुम्ही टप्प्याच्या नियमामुळे मागे अडकलेले असता. अशा वेळी जोराचा फटका त्यांच्या पॅडलवर आयता जातो. त्याऐवजी मागूनच अलगद चेंडू त्यांच्या किचनमध्ये टाकायचा आणि तो खाली येईपर्यंत पुढे सरकायचे. हा फटका अवघड आहे, बसायला काही महिने लागतात. पण सरावाचा वेळ जोरकस फटक्यांऐवजी याला दिला, तर साठीनंतरही खेळ सुधारत राहतो.

पहिला महिना

*पहिला आठवडा :* पॅडलवर चेंडू सलग वीस वेळा उडवणे, भिंतीशी खेळणे, फक्त सर्व्हिस. दहापैकी आठ सर्व्हिस आत पडेपर्यंत वेग वाढवू नये.

*दुसरा आठवडा :* सर्व्हिस आणि तिची परतफेड. दोन्ही फटके शक्य तितके मागच्या रेषेजवळ पडावेत. परत मारल्यावर किचनच्या रेषेपर्यंत चालत येण्याची सवय लावावी.

*तिसरा आठवडा :* चौघांनी किचनच्या रेषांपाशी उभे राहून फक्त डिंक. गुण मोजू नयेत, सलग किती फटके झाले ते मोजावे.

*चौथा आठवडा :* सामने. दोघांच्या मधून जाणाऱ्या चेंडूसाठी 'माझा', 'तुझा', 'सोड' हे तीन शब्द आधीच ठरवून घ्यावेत. नवरा-बायकोच्या जोड्यांनी तर नक्कीच, कारण घरापर्यंत चालणारी चर्चा बहुधा मधल्याच चेंडूवरून सुरू होते.

दुखापत आणि हवामान

खेळ सोपा दिसतो, म्हणून लोक तयारीशिवाय उतरतात. धोका तिथेच असतो. आमच्यातले एक काका डोक्यावरून जाणारा चेंडू पाहत उलट्या पावलांनी मागे गेले आणि पडले. हात टेकला म्हणून मनगट मोडले. तेव्हापासून आमचा पहिला नियम असा : पाठमोरे मागे धावायचे नाही. चेंडू डोक्यावरून गेला की आधी वळायचे, मग धावायचे, आणि पोहोचता येत नसेल तर गुण सोडून द्यायचा. नवीन येणाऱ्याला पॅडल हातात देण्याआधी आम्ही हे सांगतो.

- खेळण्याआधी दहा मिनिटे चालणे, पोटऱ्या, खांदे आणि मनगट मोकळे करणे. टाचेच्या मागची शीर थंड अंगाने खेळताना दुखावते.
- शेजारच्या कोर्टावरून चेंडू आला तर 'बॉल' असे ओरडून सर्वांनी जागीच थांबावे. पायाखाली आलेला चेंडू घोटा मुरगळण्याचे मोठे कारण आहे.
- जाळीजवळ चेंडू डोळ्याला लागू शकतो. खेळाचा संरक्षक चष्मा वापरावा. नेहमीचा काचेचा चष्मा हे संरक्षण नाही.
- हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा सांधे बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, चक्कर, असाधारण दम यांपैकी काही झाले तर सामना तिथेच थांबवावा.
- सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, एक-एक तास पुरे. कोपर दुखू लागले तर विश्रांती घ्यावी, मूठ सैल धरावी.

इंदूरचे हवामान पाहता ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा शिकण्यासाठी उत्तम काळ. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला पोहोचतो, तेव्हा सूर्योदयानंतरचा तास किंवा रात्रीचे दिवे बरे. माळव्याच्या रात्री पूर्वीपासून नावाजलेल्या आहेत, त्यांचा उपयोग करावा. पावसाळ्यात ओल्या कोर्टावर खेळू नये. वरून कोरडे दिसले तरी रंगवलेल्या रेषा निसरड्या राहतात.

शेजार आणि रीतभात

या खेळाचा टक्-टक् आवाज दूरवर जातो. अमेरिकेत त्यावरून वसाहतींत भांडणे झाली आणि प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. सोसायटीत कोर्ट आखण्याआधी लगतच्या घरांशी बोलावे. अगदी पहाटे, दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी आणि रात्री उशिरा खेळू नये. परीक्षांच्या दिवसांत मुलांच्या अभ्यासाचाही विचार करावा. मऊ फोमचे कमी आवाजाचे चेंडूही मिळतात, सरावाला ते चालतात.

आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचे. शंका असेल तर गुण समोरच्याला द्यायचा. बाहेर लोक थांबले असतील तर एका सामन्यानंतर जागा सोडायची.

शेवटची रीत नियमांच्या पुस्तकात नाही, आम्ही आपसात ठरवलेली आहे. वेगवेगळ्या वयाचे चौघे खेळत असताना समोरच्या जोडीतील कच्च्या खेळाडूवरच सगळे चेंडू मारायचे नाहीत. तसे केले की सामना जिंकता येतो, पण पुढच्या रविवारी आजी येत नाहीत. त्याचबरोबर त्यांना मुद्दाम गुणही द्यायचे नाहीत, कारण दिलेला गुण लगेच ओळखू येतो आणि माणूस पुन्हा लिंबूटिंबू होतो. चेंडू अलगद टाकावा, किचनमध्ये टाकावा आणि मग जो चुकेल त्याचा गुण जाऊ द्यावा.

सुरुवात करायची असेल तर आधी चार माणसे जमवा, शक्यतो दोन पिढ्यांतली. पॅडले उसनी मिळतात, कोर्ट तासावर मिळते, नियम वर दिलेच आहेत. खेळून झाल्यावर पोहे-जिलबी ठरलेलीच असेल, तर निदान दुसरी जिलबी हरलेल्या जोडीने खाऊ नये, असा आमच्या गटाचा दंडक आहे. तो अजून कोणी पाळलेला नाही.